वीस मैल, वीस हजार बिड्या

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये रिक्रूट होतो. आमच्या दहा जणांच्या सेक्शनची शेवटची मोठी टेस्ट बाकी होती. पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल, कणकुंबीकडच्या जंगलातून बेळगावच्या अलीकडच्या तंबूपर्यंत वीस मैल. आम्हाला शिकवणारे उस्ताद अजून मैलातच बोलायचे. सुटायचं ०५३० ला, पोचायचं १००० च्या आत. वेळ शेवटच्या माणसाची धरायचे. एक मागे राहिला तर दहाही नापास.

मी आधी दुसऱ्या सेक्शनमध्ये दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्यांदा झालो असतो तर घरी पाठवलं असतं.

घर निपाणीत. आई बिड्या वळायची, दिवसाला हजार. हजार घेऊन गेली की कारखान्याचा मुकादम चांगल्या बिड्याही छाट म्हणून बाजूला काढायचा. त्या हजारात धरायचा नाही, परतही द्यायचा नाही. म्हणून बायका हजाराला पन्नास वर वळायच्या. या चोरीविरुद्ध निघालेली पत्रकं मी त्यांच्या घोळक्यात बसून मोठ्याने वाचायचो. वाचायला मी तिथेच शिकलो. भरतीला निघालो तेव्हा मुकादम आईला म्हणाला, "बिडीवालीचं पोरगं लष्करात? महिन्यात परत तंबाखू चाळायला येतंय बघ."

पाय सगळ्यांचेच दुखतात. आधी हार मानतं ते डोकं. म्हणून डोक्याला मी काम लावलं. डावा पाय पडला की एक बिडी. पंचवीस झाल्या की एक कट्टा. ग्राउंडवर मोजून पाहिलं होतं, हजार बिड्यांत एक मैल बसत होता. वीस मैल म्हणजे आईचे वीस दिवस. तिने ते कितीतरी वेळा काढले होते.

ही युक्ती मी शंकरला सांगितली. शंकर वडगावचा, विणकराचा मुलगा, बॅरेकमध्ये माझ्या शेजारच्या कॉटवर.

"मी मोजत न्हाय," तो म्हणाला. "घरचा माग ऐकतो. खट-खट, खट-खट. मोजायचं काम मालकाचं."

टेस्टच्या दिवशी ०५३० ला सुटलो. पहिले बारा हजार चांगले गेले. तेराव्यात पिठ्ठूचा पट्टा खांद्यात रुतला. सोळाव्यात बुटातला मोजा ओला लागला. रक्त होतं. मी फक्त पुढचा कट्टा पाहत होतो.

०९४६ ला वीस हजार पूर्ण झाले. मी मान वर केली. तंबू नव्हता. समोर नुसता चढ.

मी खाली बसलो. पाय थांबले, कारण डोक्याने त्यांना काम संपल्याचं सांगून टाकलं होतं.

मागून सायकलवर आलेले हवालदार उस्ताद ओरडले, "बैठ गया तो घर गया!"

मला ऐकू आलं, पण उठता येईना. सेक्शन चढावर पोचला होता. त्यातून शंकर वळून खाली आला.

"का रं, बसलास?"

"वीस हजार झाल्या. संपलं."

"तंबू दिसतोय का कुठं?"

"न्हाय."

"तुझी आई हजार झाल्या की उठत्या व्हय?"

"न्हाय. छाट जात्यात. पन्नास वर वळत्या."

"मग? मघाधरनं कोंबडीगत पावलं टाकतोयस. छाट गेली ती. वरच्या वळ की, लेका!"

हजाराला पन्नास, म्हणजे वीस हजाराला एक हजार. आयुष्यभर घरात पाहिलेली गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. ग्राउंडवरचा मैल धरला होता. मी उठलो. शंकरने माझी रायफल मागितली नाही. कुणाची रायफल कुणी घ्यायची नसते, हे त्याला माहीत होतं. तो फक्त माझ्या बाजूने पळत राहिला, तोंडाने खट-खट करत. तंबू आला तेव्हा वरच्या आठशे झाल्या होत्या. वेळ ०९५७.

उस्तादांनी कागदावर लिहिलं, "सेक्शन पास."

शंकर पुढे नाईक झाला. ऐंशीच्या दशकात आम्ही उत्तरेत बर्फातल्या एका पोस्टवर होतो. गस्तीची तुकडी परतताना दोन जवान मागे राहिले. वायरलेस सेटवर शंकरचा आवाज आला.

"दोन मागं हैत. आणतो. ओव्हर."

एकाला त्याने वर चढायला बांधलेल्या दोरापर्यंत आणलं. दुसऱ्यासाठी पुन्हा खाली गेला. ११२० ला बर्फाचा कडा सुटला. शंकर आणि तो दुसरा, दोघेही बर्फाखाली गेले.

सुट्टीवर आलो तो थेट वडगावला गेलो. त्याची आई मागावर होती. तिने माग थांबवला.

"कागद आलाय," ती म्हणाली. "त्यात काय कळत न्हाय. तू हुतास न्हवं? माझा शंकर मागं पडलता काय?"

"न्हाय मावशी. मागं पडलेल्यास्नी आणाय गेलता. एक जण जित्ता आला."

ती मागावरून उठली. तिने दारातून हाका मारून गल्लीतल्या बायका गोळा केल्या. आजूबाजूचे माग एकेक करून थांबले.

"आता परत सांग," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग."

मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं.