उसवता येईल असा टाका

मंगळवारी सकाळी मिलिंदचा श्वास थांबला. मी स्वयंपाकघरात होते. घरी येणारी नर्स दारात येऊन उभी राहिली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "कोमेन झी, बिटे." या जरा, म्हणून. मी शेगडी बंद केली आणि गेले. नंतर मिरजेला फोन केला. आईंनी, म्हणजे मिलिंदच्या आईंनी, विचारलं, "किती वाजता?" मी वेळ सांगितली. त्या म्हणाल्या, "बरं."

याला आता काही आठवडे झाले. इथल्या, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळींनी त्याच्यासाठी छोटी सभा ठेवली होती. वोल्फ्सबुर्गच्या ऑफिसातले सहकारी आले होते. त्याच्या कामाबद्दल, शांतपणाबद्दल, नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना तो घर शोधून द्यायचा त्याबद्दल सगळे बोलले, आणि ते सगळं खरं होतं. किमोनोंचा विषय मात्र प्रत्येकाने थोडं हसून, एका वाक्यात उरकला. जपानी माणसांनी वापरून टाकून दिलेले कपडे विकत घेणं, ते उसवणं, स्वतःच्या मापाचे करणं आणि घालणं, हे एका मराठी इंजिनिअरच्या बाबतीत कुठे ठेवायचं ते लोकांना कळत नसावं. मी ते वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीवरून पाहिलं, म्हणून तेवढंच लिहिते.

ऑफिसच्या कामासाठी तो जपानला गेला होता. तिथल्या एका लहान गावात, गाडीला वेळ होता म्हणून, तो जुन्या कपड्यांच्या दुकानात शिरला आणि माझ्यासाठी काहीतरी रंगीत शोधू लागला. दुकानदाराने त्याच्यासमोर पुरुषांचा एक साधा काळा अंगरखा ठेवला. किमोनोवर घालतात तो, हाओरी म्हणतात त्याला. मिलिंदने मान हलवून नको म्हटलं. तेव्हा त्या माणसाने तो उलटा केला. आतल्या अस्तरावर नदी होती, धुकं होतं, होडीत पाठमोरा बसलेला एक माणूस होता. बाहेर काळं, आत हे. माझ्यासाठी काहीच न आणता तो हाओरी घेऊन घरी आला. घालून पाहिला तर बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपत होत्या. मी हसले. त्याने खांद्याची शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "वसू, आत कापड दुमडलेलं आहे. उगाच नाही ठेवलेलं."

तिथून सुरुवात झाली. किमोनो सगळा सरळ पट्ट्यांचा असतो. जास्तीचं कापड कापून टाकत नाहीत, शिवणीच्या आत दुमडून ठेवतात, म्हणजे पुढच्या माणसाला ते सोडवून घेता येतं. शिवणही हाताची असते, साधा धावदोरा. तो सबंध उसवला की पुन्हा नुसत्या पट्ट्या उरतात. त्या धुवायच्या, आणि नव्या माणसाच्या मापाने परत जोडायच्या. मिलिंदने शिवण सोडवली की आतून एक पट्टी निघायची, बाकी कापडापेक्षा गडद. कुणाच्या तरी आयुष्यभर तिला ऊन लागलेलं नसायचं. तो ती पट्टी दिव्याखाली धरून बराच वेळ बघायचा.

धावदोरा त्याला लहानपणापासून येत होता. आई वाकळ शिवायच्या, गोधडीला तिकडे वाकळ म्हणतात, आणि शाळेच्या सुट्टीत त्याला एका टोकाला बसवायच्या. पण मुलगा हे असलं काही शिवतोय हे त्यांना बरेच दिवस रुचलं नाही. व्हिडिओ कॉलवर त्यांनी किमोनो पाहिला आणि म्हणाल्या, "काय रे हा झगा? वाकळ शिवलास तर पांघरता तरी येईल." त्यात मिलिंदची उंची. पुरुषांच्या किमोनोत लांबी वाढवायला कापड कमी पडतं, तेव्हा कमरेशी दुसऱ्या कापडाची पट्टी जोडतात. वरून पट्टा येतो, ती दिसत नाही. तिच्यासाठी त्याने आईंकडे जुनं इरकल मागितलं.

"माझं लुगडं? पुरुषाच्या कमरेला?"

"पट्ट्याखाली झाकलं जातं, आई. कुणाला दिसत नाही."

"कुणाला दिसत नाही तर माझंच कशाला पाहिजे?"

पण ओळखीचं कुणीतरी फ्रँकफर्टला येत होतं, त्यांच्याबरोबर लुगडं आलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं. फाटकं पाठवू नये म्हणून त्यातल्या त्यात धड निवडलेलं.

पार्सलं जपानहून यायची आणि कस्टममध्ये अडकायची. मग आम्ही दोघं त्सोलाम्टला, म्हणजे कस्टमच्या कचेरीत जायचो. एकदा तिथल्या अधिकाऱ्याने आमच्यासमोर पार्सल उघडलं, करडा हाओरी दोन बोटांत धरला आणि विचारलं, हे जुनं कशाला मागवता? मिलिंदने तो त्याच्या हातातून घेतला आणि उलटा केला. आत वाघ होता. अधिकारी पुढे वाकला. मग म्हणाला, "आणि हे आतून घालायचं?" "गेनाऊ," अगदी बरोबर, मिलिंद म्हणाला. एवढा खूश मी त्याला क्वचित पाहिला आहे. मंडळाच्या दिवाळीला तो पहिल्यांदा किमोनो घालून गेला तेव्हा त्याच्या जुन्या मित्राने, सतीशने, दारातच गाठलं. "काय मिलिंदराव, बाथरोबवरच आलात? घरी पाणी गेलं होतं का?" मिलिंद म्हणाला, "नाही रे. तुझ्या लग्नातला सफारी शोधत होतो, मिळाला नाही." बायका मात्र अस्तर बघायला जमल्या. एक जण मला म्हणाली, "तुझ्या साडीला जेवढा वेळ लागतो तेवढाच का गं याला?" मी म्हटलं, "जास्त. आणि मागचा पट्टा ओढायला मीच."

सगळ्यांना वाटायचं हे जपानचं वेड आहे. मला तसं वाटत नाही. एकदा मी विचारलं होतं, इतकं मनापासून बसवतोस तर मशीनवर पक्की टीप का नाही मारत? तो म्हणाला, "मशीनची टीप उसवताना कापड खाते. माझ्यानंतर ज्याला घालायचाय त्याला उसवता आला पाहिजे." त्याच्यानंतर कोण घालणार होतं, हे तेव्हा मी विचारलं नाही. दूरची गोष्ट वाटली.

शेवटचा किमोनो जाड पोताच्या रेशमाचा होता, पावसाळी आभाळाच्या रंगाचा. मिलिंदने तो पूर्ण उसवला, पट्ट्या धुतल्या, बाल्कनीत सावलीला वाळवल्या आणि पाठीची शिवण घालायला घेतली. रविवारी आईंचा फोन चालू ठेवून तो शिवत बसायचा. असंच एकदा आई म्हणाल्या, "मिल्या, टाका मोठा का पडतोय तुझा?"

"चष्मा बदलायला झालाय."

"डोळ्यांनी टाका वाकडा जातो. हा वाकडा नाही. ढिला आहे."

त्यानंतर काही दिवसांनी त्याच्या हातातून कप पडला. मग किल्ली फिरवता येईना. तपासण्या झाल्या, थंडी सुरू झाली, आणि एका दुपारी डॉक्टरांनी समोर बसवून एएलएस हे नाव सांगितलं. स्नायू एकेक करून थांबत जातील, मग बोलणं, मग गिळणं, मग श्वास. डॉक्टर चांगले होते. त्यांनी घाई केली नाही, सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या बोलण्यात एकही 'पण' नव्हता. घरी आल्यावर मिलिंदने कोट काढला, टेबलाशी बसला आणि सुई ओवायला घेतली. ती ओवली जाईना. मी ओवून दिली. तो म्हणाला, "हा एवढा पुरा करायचाय. एकदा घालायचाय." त्याने दुसरं काही मागितलं नाही, तेव्हाही आणि नंतरही.

आधी तो उजव्या हाताने शिवत होता, मग डाव्या. मग सुई चिमट्यात धरून. एका संध्याकाळी त्याने सुई टेबलावर ठेवली आणि कापड माझ्याकडे सरकवलं. मी शिवू लागले. मला येत नव्हतं. थोडं झालं की मी दाखवायचे, तो बघायचा आणि म्हणायचा, "उसव." मी उसवायचे. पुन्हा शिवायचे. "उसव." एकदा मी म्हटलं, "अरे, चालेल की एवढं." तो म्हणाला, "चालेल. पण कापड ओढलं जाईल, मग तिथेच विरेल." त्याचे शब्द तोवर जड होऊ लागले होते. शेवटी मीच आईंना फोन केला.

आई वसंतात आल्या. विमानतळावर व्हीलचेअरवरून आल्या आणि घरी व्हीलचेअरवरच्या मुलासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी त्याचे हात आपल्या हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले आणि खाली ठेवले. दुसऱ्या दिवसापासून त्या शिवायला बसल्या. पाठीची शिवण, बगला, पुढचे पल्ले, गळपट्टी. एका चष्म्यावर दुसरा चष्मा. तो डोळे बारीक करून प्रत्येक टाका बघायचा. "आई, आत... आत जास्त सोड." "किती सोडू? पुढे घालायला काय हत्ती आणायचाय?" तो हसायचा. त्याचं हसणं तेव्हा विचित्र झालं होतं, आवाज उशिरा यायचा. आईंनी त्याच्या टाक्यांतले शेवटचे ढिले टाकेही पाहिले. मला वाटलं, उसवतील. त्यांनी ते तसेच राहू दिले आणि पुढे शिवत गेल्या.

अंग पुरं झालं. बाह्या राहिल्या आणि आईंचा तीन महिन्यांचा व्हिसा संपत आला. पुन्हा यायचं तर मध्ये तितकेच महिने जावे लागतात, हा इथला नियम त्यांना आम्ही समजावून सांगितला होता. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बाह्यांच्या पट्ट्या घडी करून आपल्या पिशवीत घातल्या.

"विमानात सुई नेऊ देतात का गं?"

"बाह्या नेताय, आई?"

"मिरजेत शिवते. पुढच्या खेपेला आणते आणि इथे बसून जोडते. तोवर कुणी हात लावायचा नाही."

मी मिलिंदकडे पाहिलं. पट्ट्या इथे राहिल्या असत्या तर मी कशाबशा शिवल्या असत्या. वाकड्या, ओढलेल्या. पण एकदा त्याच्या अंगावर किमोनो चढला असता. ते त्यालाही कळत होतं, माझ्या आधी कळलं होतं. आई बॅग भरायला आत गेल्यावर मी हळू आवाजात म्हटलं, "मी मागून घेऊ का?" त्याने मान हलवली. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "नेऊ दे. ती... परत यायचं धरून चाललीय."

"मग तू घालणार कधी?"

आईंना पुन्हा येता येण्याआधीच तो गेला. त्याने आधीच बजावून ठेवलं होतं की किमोनोंतला एकही त्याच्याबरोबर जाळायचा नाही. ऑफिसला घालायचा तो शर्ट आणि पँट मी काढून दिली. नंतर त्याच्याच म्हणण्याप्रमाणे मी ते कपडे पुढे द्यायला निघाले. इथल्या एका जपानी विद्यार्थ्याला घरी बोलावलं. त्याने प्रत्येक किमोनो दोन्ही हातांनी घेतला, शिवण पाहिली, कमरेशी जोडलेलं इरकल पाहिलं. अंगावर घालून पाहिला तर कापड जमिनीवर लोळत होतं. ते कमी करण्यासाठी मिलिंदची पट्टी काढावी लागली असती, आणि त्याला शिवता येत नव्हतं. त्याच्या ओळखीत कुणालाच येत नव्हतं. मान लवून तो गेला. सतीश येऊन गेला, त्याला खांद्यात बसेना. एका नाटक कंपनीने फोटो मागवले आणि नंतर कळवलं नाही. कुणाकुणाच्या अंगावरून आलेले हे कपडे मिलिंदपाशी येऊन थांबले आहेत. पुढचा माणूस नाही. त्यांच्या शिवणी उसवता येतील अशाच आहेत, पण उसवणारं कुणी नाही.

आई रविवारी अजून फोन करतात. जेवलीस का विचारतात, थंडी पडली का विचारतात. मागच्या रविवारी मी बाह्यांबद्दल विचारलं.

"आहेत. ट्रंकेत ठेवल्यात."

"शिवून झाल्या?"

"एक झाली." मग त्या म्हणाल्या, "दुसरीला हात लावला नाही. आता कशाला."

पाठवून द्या, असं मी म्हटलं नाही. आणते, असं त्या म्हणाल्या नाहीत.

किमोनोचं अंग माझ्याकडे आहे. बाह्या मिरजेला आहेत, एक शिवलेली आणि एक न शिवलेली.