पूजेचा शाफ्ट

काही तुटलं की माणूस पहिल्यांदा काय करतो, हे तुम्ही कधी पाहिलंय का? दोन्ही तुकडे उचलतो आणि एकमेकांना लावून बघतो. कपाचा कान असो, चष्म्याची काडी असो, नाहीतर कंगवा. लावून बघितल्याने तो जुळणार नाही हे माहीत असतं, तरी बघतो. आमचे सर अशा वेळी मध्ये हात घालायचे आणि म्हणायचे, "जोडू नगा. आदी बघा."

सर सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्हाला मटेरियल सायन्स शिकवत. तुटलेल्या धातूच्या तोंडावर तो कसा तुटला याच्या खुणा असतात, आणि दोन तोंडं एकमेकांवर घासली की त्या पुसल्या जातात. त्यामागचं शास्त्र एवढंच. दुसऱ्या कोणी ते प्रयोगशाळेत ठेवलं असतं. सरांनी ते लग्नकार्यापासून कॅन्टीनपर्यंत सगळीकडे नेलं. कॅन्टीनमध्ये कप फुटला की वेटर झाडू घेऊन येण्याआधी सर भिंग घेऊन पोचत. वेटरला सवय झाली होती. तो झाडूला टेकून उभा राहायचा.

या शाखेला स्वखुशीने आलेलं आमच्या वर्गात कोणी नव्हतं. कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून आम्ही धातूंकडे वळलो होतो, आणि धातूंनाही आमचं फारसं कौतुक नव्हतं. माझ्या वडिलांनी गावात सांगितलं की पोरगी मटेरियलचं शिकते, तेव्हा घर बांधायला काढलेल्या दोघातिघांनी वाळूची चौकशी केली. वडिलांनी त्यांना थोडं थांबायला सांगितलं.

सर मूळचे म्हसवडच्या बाजूचे. घरची मेंढरं. वर्गात ते नीट पुस्तकी बोलत, निम्मं इंग्रजीत. पण काही तुटलं की एकदम माणदेशी होत. त्यामुळे फळ्यावर लिहिताना खडू मोडला तर पुढची पाच-दहा वाक्यं आम्हाला चांगली समजायची. परीक्षेच्या आधी वर्गातली मुलं सरांना मुद्दाम ठिसूळ खडू द्यायची.

एकदा सहलीला महाबळेश्वरला गेलो होतो. धो धो पाऊस, आणि नेमका माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी एका पायावर उभी. सर रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, खिशातून भिंग काढलं आणि छत्री चपलेवर धरली. माझ्यावर नाही. मागे टॅक्सीवाले हॉर्न वाजवत होते. बरंच बघून झाल्यावर सर म्हणाले, "लय दिस झालं व्हतं ह्येला. आज तुटली न्हाई, आज कळली." मग चप्पल कागदात गुंडाळून त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकली. मी बसपर्यंत अनवाणी गेले. ती चप्पल मला परत मिळाली नाही, पण पुढच्या वर्षीच्या मुलांना ती शिकवण्यात आली.

त्यांच्या घरी माळ्यावर बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते. त्यात तुटलेल्या वस्तू, प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पाहुण्यांना सांगायच्या की आमच्या घरात धड वस्तू खाली आणि मोडकी वर, मानाने ठेवतात. ते खरंच होतं.

आम्ही शेवटच्या वर्षाला असताना फलटणजवळच्या एका साखर कारखान्यातून सरांना बोलावणं आलं. हंगाम तोंडावर होता. उसाची मोळी पुढे नेणाऱ्या पट्ट्याचा शाफ्ट, म्हणजे तो पट्टा फिरवणारा जाड लोखंडी दांडा, चाचणी घेतानाच तुटला होता. आदल्या दिवशी तिथल्या मिस्त्रीने त्यावर चाक बसवताना घण मारला होता, आणि दुसऱ्या दिवशी शाफ्ट गेला. तेवढ्यावरून मिस्त्रीला घरी बसवायचं ठरत आलं होतं. माणूस सगळी उमर त्याच कारखान्यात घालवलेला, निवृत्ती जवळ आलेली. आता जाताना शाफ्ट तोडणारा म्हणून जायची वेळ. सरांनी शाफ्ट बघून कारण सांगायचं, मग निर्णय. सरांनी मला आणि माझ्या एका मैत्रिणीला बरोबर घेतलं.

आम्ही पोचलो ते खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी. वर्कशॉपमध्ये शिरलो आणि सर दारातच थांबले.

समोर लाकडी ठोकळ्यांवर शाफ्ट होता. अखंड. त्याला झेंडूची माळ, मधोमध लाल दोरा गुंडाळलेला, वर हळदीकुंकू, पुढे नारळ. सगळ्या हत्यारांची पूजा झाली होती, त्यात शाफ्टचीही. पण भंगलेली वस्तू पूजेत ठेवत नाहीत. म्हणून त्यांनी दोन्ही तुकडे एकमेकांना नीट लावून दोऱ्याने बांधले होते.

सरांनी विचारलं, हे कुणी केलं. पांढरी दाढी, डोक्यावर गोल टोपी, असा एक माणूस पुढे आला. हाच तो मिस्त्री. खंडेनवमीची तयारी दरवर्षी त्याच्याकडेच असे, आणि हत्यार मळकं राहिलेलं त्याला खपत नसे.

"मीच, सर," तो म्हणाला. "दोनी तोंडं राकेल लावून पॉलिश पेपरनं घासली, तवा कुठं नीट बसली. तुमी येणार म्हटल्यावर अजून एक हात मारला."

माझ्या मैत्रिणीने माझा दंड घट्ट धरला. त्या माणसाला वाचवू शकणारी जी काही खूण होती, ती त्याने स्वतःच्या हाताने, भक्तिभावाने, दोनदा घासून काढली होती. सरांकडे बघायची मला भीती वाटली. ते ओरडतील असं वाटलं. सर फक्त म्हणाले, "चांगला घासलाय."

मग त्यांनी चपला काढल्या, शाफ्टला हात लावून नमस्कार केला, माळ उतरवून बाजूला ठेवली आणि दोरा सोडला. तुकडे वेगळे केले. तोंडं ताटासारखी चकचकीत. सर भिंग लावून इंच इंच बघत राहिले. चीफ इंजिनिअर दोनदा घड्याळ बघून गेले. मिस्त्री दिवा धरून उभा होता आणि सर सांगतील तिकडे उजेड देत होता.

चाक घट्ट बसावं म्हणून शाफ्टला एक खाच पाडलेली असते. त्या खाचेच्या कोपऱ्यात, जिथे मिस्त्रीचं बोट पोचलं नव्हतं, तिथे नखाएवढ्या जागेत तांबडा गंज शिल्लक होता. कालपरवाच्या घणाने पडलेला तडा आतून चकचकीत असतो. याच्या आत गंज चढलेला, म्हणजे तडा मागच्या हंगामातला. कारखाना पावसाळाभर बंद होता, तेव्हा त्यात ओल शिरली होती. सरांनी मला भिंग दिलं आणि बघायला सांगितलं. मी बघितलं. चार वर्षांत मला या विषयाबद्दल पहिल्यांदाच प्रेम वाटलं, हे कबूल करते.

तेवढाच तुकडा कापून आम्ही कॉलेजात आणला, सूक्ष्मदर्शकाखाली खात्री केली, आणि सरांनी अहवाल दिला की तडा जुना आहे. बाकीचं तोंड साफ केलेलं असल्याने त्याबद्दल सांगता येत नाही, हेही लिहिलं. कुणी साफ केलं, ते लिहिलं नाही. मिस्त्री कामावर राहिला.

फलटणहून परत येताना गाडीत मी सरांना विचारलं होतं की त्या माणसाला सांगायला नको का, त्याने काय करून ठेवलं होतं ते.

सर खिडकीतून बाहेरचा ऊस बघत होते. "पोरी, चांगल्या मनानं घासला त्यानं," ते म्हणाले. "आता त्येला सांगितलं तर पुढल्या खंडेनवमीला त्येचा हात चालंल का?"

निवृत्तीनंतर सर म्हसवडला राहायला गेले. मी आता साताऱ्यात एका फोर्जिंगच्या, म्हणजे तापलं लोखंड ठोकून भाग घडवायच्या, कारखान्यात आहे, आणि तुटलेले भाग माझ्याकडे येतात. सर यंदा गेले. मी समाचाराला गेले तेव्हा काकू घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या होत्या, आणि तिथेच मिस्त्री आला होता. खूप थकलेला, नातवाच्या मोटारसायकलवर बसून फलटणहून आलेला. जमलेल्या माणसांना तो सांगत होता की सरांनी त्याची अब्रू राखली. बोलताना त्याचे डोळे भरून येत होते.

माणसं पांगल्यावर तो माझ्या शेजारी सरकला. "ताई, एक सांगू का," तो हळू आवाजात म्हणाला. "सरांची विद्या मोठीच. पन थोडं माजंबी हाय त्यात. मी तो शाफ्ट घासून लख्ख केला व्हता, म्हणून तर त्यास्नी तडा गावला. मळका असता तर काय दिसलं असतं?"

काकूंना सगळं माहीत होतं. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी सरांची फार आठवण आली.

"होय, मिस्त्री," मी म्हणाले. "लख्ख होता, म्हणूनच दिसला."