देवाम्होरं अर्धा क्लच

क्लच म्या जाळला न्हाई. हे आधीच सांगतो, कारण भोरपास्नं वेल्ह्यापर्यंत काही लोकांना अजून तसंच वाटतंय.

सन सत्तरच्या आसपास मी भोरातल्या एका वकीलसाहेबांकडं ड्रायव्हर होतो. मॅट्रिक झालेलो, लायसन खिशात, आन् डोळा एसटीवर. साहेब म्हणालेले, "वर्षभर गाडी नीट चालव. एसटीत माझी ओळख आहे, तुझ्यासाठी शब्द टाकतो." त्या एका शब्दापायी मी काय काय ऐकून घेतलं, ते माझं मला म्हाईत.

गाडी म्हंजे दोन सीटांची, लाल, उघडी स्पोर्टगाडी, इंग्रजाच्या काळातली. पण साहेबांना ती लई जोरात पळायला पायजे. म्हणून पुण्याला नेऊन तिच्यात कुठल्याशा मोठ्या मोटारीचं इंजिन बसवून आणलं. गेअरबॉक्स जुनाच, क्लचबी जुनाच, बशीएवढा. पैलवानाचं धड आन् कोंबडीचे पाय! इंजिन जोर लावायचं, तो जोर क्लचच्या प्लेटला धरवायचा न्हाई, ती घसरायची, तापायची. दुसरा गेअर टाकला की आतनं दात खाल्ल्याचा आवाज. तो मला तोंडानं हुबेहूब काढता यायचा. कोर्टाच्या आवारात कारकून मला चहा पाजायचे आन् म्हणायचे, "काढ रं, साहेबांचा सेकंड गेअर काढ!"

आता वेल्ह्याच्या वाटेवर एका चढाला देव हाय. ऐन चढाला. तितं गाडी थांबवायची, नारळ फोडायचा, पण इंजिन बंद करायचं न्हाई. बंद केलं तर पुढच्या वाटेला दगा हुतो, असं समदे मानायचे. ट्रकवाल्यांचं ठीक हाय, त्यांचा क्लिनर चाकामागं दगड लावतो. आमच्या गाडीचा हँडब्रेक नुसता नावाला, आन् पायाचा ब्रेकबी ऐन चढाला धरायचा न्हाई. मी दगड उचलला, तर साहेब वरडले, "ठेव तो खाली! स्पोर्टगाडीला दगड लावतोस? लोक बघतायत. बैलगाडी आहे का ही? क्लचवर धरून ठेव."

मग काय, अर्धा क्लच दाबून, ॲक्सिलेटर देऊन गाडी चढाला लोंबकळत ठेवायची. साहेब सावकाश नारळ फोडणार, डोळे मिटणार, कुळातल्या समद्यांची नावं घेणार. हिकडं माझ्या नाकात जळका वास.

"साहेब, आवरा, क्लच तापला."

"देवापुढं घाई करू नकोस रे."

क्लच गेलाच. सारोळ्याला हायवेवरच्या मिस्त्रीनं खोललं. "क्लचचं खोकं ल्हान हाय, मोठा क्लच बसायचा न्हाई," तो म्हणाला. "प्लेटला लायनिंग नवं मारतो. पण चढाला आसं धरून ठिवू नका. गेअरचे दातबी झिजल्यात."

म्या साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "मिस्त्री आणि ड्रायव्हर एकाच माळेचे. क्लच तू खाल्लास."

म्या खाल्ला! जणू घरी नेऊन चटणीसंगं खाल्ला!

पुढच्या खेपेला साहेबच स्टेअरिंगवर बसले. "बघ आणि शिक." देवापाशी थांबले. अर्ध्या क्लचवर. नारळ फोडायला मला उतरवलं, आन् वरनं सांगत बसले, "शेंडी वर कर. पाणी सांडू नकोस. आता माझ्या वडिलांचं नाव घे." तवर बॉनेटखालनं धूर. साहेबांनी घाबरून क्लच सोडला, आतनं कडाड् झालं आन् गाडी मागं सरकाय लागली. म्या नारळ टाकला, धोंडा उचलून चाकामागं सारला. गाडी वाचली, साहेबबी वाचले.

तेवढ्यात मागनं वेल्ह्याची एसटी आली. ड्रायव्हरनं मुंडी बाहेर काढून इचारलं, "काय झालं, साहेब?"

साहेबांनी हात झटकले. माझ्याकडं बोट केलं. "हा आमचा ड्रायव्हर. दुसरा क्लच जाळला यानं."

माझ्या अंगाची आग झाली. "साहेब, स्टेअरिंगवर कोण हुतं?"

"गाडीला सवय कुणी लावली? तुझीच सवय लागली तिला!"

गाडीला सवय लागली म्हणे! ही वकिली. अशानं कोर्टात लोक जिंकत्यात.

मग मीबी मान वाकडी केली, घसा खाकरला आन् त्यांच्याच आवाजात एसटीवाल्याला सांगितलं, "देवापुढं घाई करू नकोस रे! धूर येऊ दे, आधी माझ्या वडिलांचं नाव घे!" अख्खी एसटी हसली. साहेबांचं तोंड गाडीवाणी लाल.

"उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले.

"आन् एसटीतला शब्द?"

"टाकतो की. बरोबर टाकतो."

टाकला बी. भरतीला गेलो तर समोरच्या माणसानं चष्म्यावरनं बघितलं आन् म्हणाला, "क्लच जाळणारा तूच का?" म्या सारं सांगाया लागलो: इंजिन, बशीएवढा क्लच, चढावरचा देव. त्यानं हात वर केला. "साहेब खोटं कशाला बोलतील?"

आजपत्तुर मला ह्याचं उत्तर कुणी मागितलं न्हाई. मागितलं असतं तर लई मोठ्यानं दिलं असतं.