कस्तुराबाईंच्या नावावरची कुरबूर

दिनांक ११ मार्च २०२४, सोमवार. दक्षिण सोलापूर तालुक्यातील आमच्या गावी धनाजीने जेसीबी लावून माझ्या आईच्या वस्तीवरून विहिरीकडे जाणाऱ्या वाटेत छातीएवढा चर खणला. धनाजी हा गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष बापूसाहेब यांचा पुतण्या.

आईचे नाव कस्तुराबाई, वय एकाहत्तर. वडील गेल्यावर साठ मेंढरांच्या जिवावर तिने दोन मुली शिकवल्या. थोरली मी, मराठीची एम.ए., सोलापुरात शुक्रवार पेठेत राहते. आईने कधी कोणाची तक्रार केली नाही. हा तिचा चांगुलपणा नव्हे, आमच्या घराचा घात होता, असे आता मी मानते. वडील तिला मारत. पाठीवरचे वळ पाहून शेजारीण विचारी, तेव्हा ती म्हणे, "कुरबूर हाय जरा." वास्तविक कुरबूर दोघांनी बरोबरीने करायची असते आणि संध्याकाळपर्यंत विसरायची असते. आमच्याकडच्या बायका मात्र तो शब्द जखमेवर फडके बांधावे तसा वापरतात. बापूसाहेबांना हे पुरते ठाऊक होते.

माझ्या आग्रहावरून आईने समितीकडे अर्ज दिला. चौथ्या दिवशी बापूसाहेब दोन सदस्य आणि नोंदवही घेऊन तिच्या दारात आले. "अक्का, आदी चहा टाक. भांडायचं मागनं बघू."

पाहुण्याच्या हातात आपल्या घरची कपबशी असताना गाऱ्हाणे काढायचे नाही, अशी आमच्या वस्तीची रीत आहे. चावडीवर न बोलावता ते घरी आले, ते याचसाठी.

"साखर लई घातलीस की," बापूसाहेब म्हणाले.

"तुमी गोड बोला, मग कमी घालीन."

सदस्य हसले.

"बरं, धनाजीचं काय झालंय?"

"काय न्हाय हो. जरा कुरबूर हाय. चर तेवढा बुजवाय सांगा, झालं."

कुरबुरीचे वाक्य वहीत गेले, चराचे गेले नाही. "अर्जदाराच्या सांगण्यानुसार किरकोळ कुरबूर, आपसात मिटली." खाली आईचा अंगठा.

चर तसाच राहिला. पाण्यासाठी मेंढरे डांबरी रस्त्याने वळवावी लागली. मे महिन्यात एका डंपरखाली नऊ मेली. उरलेली तिने विकली.

"तू तसं म्हणालीसच का?" मी तिला विचारले.

"घरी आलेल्या माणसाला तोंडावर चोर म्हणू व्हय?"

"म्हणायचं होतंस."

"तू म्हण की. तू शिकलीयास."

म्हणून मी म्हणते. बापूसाहेब माझ्या आईचा चहा प्यायले आणि त्यांनी तिची वाट चोरली.

वाटेचा दावा आता तहसीलदारांपुढे आहे आणि बापूसाहेबांचे वकील तीच नोंद पुढे करतात. इकडे समेटाचे निरोप येत असतात. मला समेट नको. त्यांचे अध्यक्षपद जावे, आणि साऱ्या गावादेखत त्यांनी उन्हात उभे राहून तो चर बुजवून घ्यावा, एवढे पाहिल्याशिवाय मी थांबणार नाही.

वाचकांपैकी जे कोणी त्या वाटेने एकदा तरी विहिरीवर गेले असतील, त्यांनी येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता सुनावणीला हजर राहावे आणि तिथे वाट होती, असे शपथेवर सांगावे.