खालच्या सुरातल्या बायका

माझी आत्या कुणाच्या बापाला भीत नसे. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात ती काजाच्या मशीनवर बसायची, आणि मुकादमानं आवाज चढवलाच तर मशीन न थांबवता त्याच्या वरच्या पट्टीत उत्तर द्यायची. गाताना मात्र तिची पट्टी खालची. संध्याकाळी ती शहरातल्या मोठ्या गायकवृंदात जायची. तिथे चढ्या सुराच्या बायका पुढे आणि खालच्या सुराच्या मागे उभ्या राहायच्या. टाळ्या पुढच्यांना मिळतात, पण घर उभं राहतं ते मागच्यांवर, असं आत्याचं म्हणणं. कुणी विचारलेलं नसलं तरी ते ती आम्हाला अधूनमधून ऐकवायची.

अशा बाईची पाचावर धारण बसली ती एका ध्वनिमुद्रणापायी.

वृंद ज्यांच्या रचना गायचा, ते संगीतकार आता फार थकले होते. मागून सगळे त्यांना म्हातारबुवा म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्यांच्या मोठ्या रचनांची एक तबकडी काढायची ठरलं, गायकवृंद आणि वाद्यवृंद दोन्ही मिळून. शेवटच्या रचनेत एक अवघड जागा होती. सगळी वाद्यं, सगळे गळे टिपेला पोचतात आणि एकदम थांबतात. मग काहीच नाही. त्या शांततेतून फक्त खालच्या सुरातल्या बायका येतात, अगदी हळू. तिथे वृंद चालवणाऱ्या सरांनी हातातली छडी हलवायची नाही, अशी म्हातारबुवांची अट होती. इशारा मिळाला की बायका सावरून उभ्या राहतात आणि सूर मुद्दाम आणल्यासारखा येतो, असं त्यांचं मत. प्रत्येकीनं मात्रा मनातल्या मनात मोजायच्या.

ध्वनिमुद्रणाच्या आधीच्या कार्यक्रमात आत्या मोजण्यात चुकली. भरलेलं सभागृह, चिडीचूप शांतता, आणि त्यात सगळ्यांच्या आधी उमटलेला एकट्या आत्याचा सूर.

काज आधी शिवायचं आणि मग पातं पाडून कापायचं. पातं आधी पडलं तर सदरा वाया जातो. "पातं आधी पाडलं मी," घरी येऊन ती एवढंच म्हणाली आणि न जेवता झोपली. छडीवाले सर तिला एका शब्दानं बोलले नव्हते, त्याचीच तिनं जास्त धास्ती घेतली.

पुढे ती घरभर मोजत हिंडायची. भांडी घासताना ओठ हलायचे. बाबांनी एकदा विचारलं, "ताई, एवढी भीती वाटते तर जातेस कशाला?"

"मग काय करू? जन्मभर नुसती काजं पाडू?" आत्या म्हणाली. "कार्यक्रमातली चूक लोक विसरतात रे. तबकडीवरची कायमची राहते. आता चुकले तर मला ठेवणार नाहीत ते."

त्यावर तिनं स्वतःच तोडगा काढला. त्या जागी गायचंच नाही, नुसतं तोंड हलवायचं. रांगेत एवढ्या जणी आहेत, आपल्यावाचून कुणाचं काय अडतंय?

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सगळ्यांना चपला-बूट बाहेर काढायला लावले, घड्याळंही काढून ठेवायला सांगितली. लाल दिवा लागला की खोकायचं नाही, हलायचं नाही. समोर चाकाच्या खुर्चीत, शालीत गुंडाळलेले म्हातारबुवा. डॉक्टरांनी त्यांना त्या एका दिवसापुरतंच सोडलं होतं.

ती जागा आली. सगळं थांबलं. आत्यानं मोजलं, तोंड उघडलं आणि आवाज काढला नाही.

कुणीच काढला नाही.

शांतता लांबत गेली. छडीवाल्या सरांची मान मागच्या रांगेकडे वळली. कर्ण्यातून ध्वनिमुद्रकाचा आवाज आला, "खालच्या बायका कुठे गेल्या?" आणि लाल दिवा विझला. आत्याला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

शेजारी पोस्टातली बाई उभी असायची, आत्याची जुनी मैत्रीण. ती कानाशी कुजबुजली, "अगं, तू श्वासच घेतला नाहीस."

"माझ्या श्वासाचं काय?"

"त्यावरच तर येतो आम्ही सगळ्या. मात्रा मोजतंय कोण इथे?"

आत्यानं डावी-उजवीकडे पाहिलं. रांगेतल्या कुणीच नाही म्हटलं नाही.

"पण त्या कार्यक्रमात तर चुकले ना मी?"

"त्या दिवशी तू श्वास न घेताच सुटलीस, म्हणून वाचलो आम्ही."

कुणाला वाटेल, हे ऐकून तिला धीर आला असेल. छे. आजवर चूक झाली तर ती तिची एकटीची होती. आता ती चुकली तर अख्खी रांग बुडणार होती. बाथरूमला जाते सांगून तिथूनच पळून जावं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात म्हातारबुवांनी शालीतून हात काढला आणि पुन्हा घ्या अशी खूण केली. लाल दिवा लागला.

टिपेचा सूर आला आणि थांबला. आत्या सांगते की तिला एकही मात्रा आठवत नव्हती. पोस्टातल्या बाईनं तिचा हात घट्ट धरला होता, तो हात घामानं ओला होता आणि तो कुणाचा घाम ते कळत नव्हतं. तिनं नाकानं श्वास घेतला.

तो श्वास तबकडीवर आहे. कान देऊन ऐकलं तर ऐकू येतो, आणि त्याच्या मागोमाग सगळ्या येतात.

म्हातारबुवा आता नाहीत. पोस्टातली बाईही गेल्या वर्षी गेली. मी ती तबकडी लावली की आत्या शेवटच्या रचनेला उठते आणि स्वयंपाकघरात जाते. मी चिडवतो, आत्या, एकदा छापलं ते छापलं, आता काय बदलणार आहे त्यात? ती नळ सोडून भांडी घासायला लागते. ती जागा येते, सगळं थांबतं आणि आतला नळही बंद होतो.

मग आतून बारीक आवाजात विचारते, "आल्या का रे सगळ्या?"

"आल्या," मी म्हणतो. "पोस्टातल्या मावशीही आल्या."

मग नळ पुन्हा सुरू होतो.