दाराबाहेरचे बूट

त्या बुटांचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं.

नजीहा माझ्या समोरच्या दारात राहते. इराकातल्या बसऱ्याची, माझ्यासारखीच. नवरा हातिम इथे डेन्मार्कात आल्यावर कर्करोगाने गेला, पदरात दोन लेकी. ती वृद्धाश्रमात साफसफाई करते. तेवढ्यात भागत नाही, म्हणून एकट्या आईला सरकार देतं ती मदत तिला मिळायची. भीक नव्हे हो, इथल्या कायद्याने दिलेला हक्क!

हातिमचे काळे बूट ती दाराबाहेर ठेवायची. आमच्यात एकटी बाई ठेवतेच, येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की घरात पुरुष आहे. वापरातले दिसावेत म्हणून शुक्रवारी पॉलिशसुद्धा करायची. आणि अनोळखी माणसाने दार वाजवलं की न उघडता आतूनच ओरडायचं, "नवरा झोपलाय, नंतर या!" हे आम्हाला आयांनीच शिकवलेलं.

कुणा भल्या शेजाऱ्याने नाव न सांगता नगरपालिकेला फोन केला, की या बाईकडे पुरुष राहतो, बूट दिसतात. झालं! एके सकाळी नगरपालिकेचे साध्या कपड्यांतले दोघं आले आणि दार वाजवलं. नजीहा नेहमीसारखी ओरडली, "नवरा झोपलाय!" त्यांनी बुटांचे फोटो काढले नि चालते झाले. पुढच्या महिन्यापासून मदत बंद.

"खाला, मी माझ्याच तोंडाने सांगून बसले गं," माझ्या स्वयंपाकघरात ती रडत होती. "भाडं थकलं तर पोरींना घेऊन कुठे जाऊ?"

"रडतेस काय? ऊठ. ते बूट पिशवीत घाल आणि चल."

कचेरीत मीच तोंड उघडलं, माझी डॅनिश चांगली तिखट आहे. टेबलामागची बाई गोड हसून म्हणाली, "पण खोटं कशाला बोलायचं? आपल्या देशात एकट्या बाईला कसली भीती?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हिच्या खिडकीवर दगड आला, तेव्हा तुमचेच पोलीस म्हणाले ना, आणखी एक कुलूप बसवा? मग ते कुलूप कशाला?"

"ते वेगळं," बाई म्हणाली. "घरात पुरुष नाही, याचा पुरावा काय?"

नसलेल्या माणसाचा पुरावा! मी काही बोलणार, तोच नजीहाने पिशवीतले बूट काढून टेबलावर ठेवले.

"हा घ्या पुरुष. रात्री कुठे झोपतो ते विचारा त्याला. कबर इथलीच आहे, बसने जाता येतं."

बाईने बूट खाली ठेवायला सांगितले. टेबल खराब होतं म्हणे!

सगळा हिवाळा लटकवून मग मदत सुरू केली. माफीचं नाव नको. वर दम दिला, की दारात पुन्हा असलं काही दिसलं किंवा कानावर आलं, तर चौकशी पहिल्यापासून. बूट कपाटात गेले.

परवा संध्याकाळी मी तिच्याकडे द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेले डोल्मे द्यायला गेले. हातात भांडं होतं, म्हणून दार कोपराने ठोकलं, हाक मारायची राहून गेली. आतून नजीहा ओरडली, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी, "घरात पुरुष नाही! मी एकटीच आहे!"

आणि तिच्या पाठोपाठ धाकटी लेक, तेवढ्याच जोरात, "आम्ही एकट्याच आहोत!"