शेंदराखालचे पाच जण

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हतं. नंतर शाळाच सुटली. कोणाच्या हाती ही वही लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. वही मुलीची आहे, बारावीची, अर्धी कोरी राहिली होती. बोलायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून धड शब्द फुटले नाहीत, म्हणून जे झालं ते इथे लिहून ठेवते.

आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहतो. आमच्या बैठ्या घरांच्या ओळीमागे एक मोकळी जागा आहे, तिला झुंजीचा माळ म्हणतात. आजूबाजूला सात-सात मजले उठले, तरी हा तुकडा राहिला, कारण त्यावर कोणी कधी नांगर घातला नाही की पाया खणला नाही. सासूबाई सांगायच्या, फार जुन्या काळी इथे दोन फौजा भिडल्या. कोणाच्या, कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. माळाच्या टोकाला उंबराखाली पाच दगड उभे आहेत, ते इथे पडलेल्यांचे. सर्वपित्री अमावस्येला आमच्या ओळीतल्या घरांतून तिथे भात ठेवतात. ज्यांचं घर लांब होतं, ज्यांच्या मागून कोणी शोधायला आलं नाही, त्यांच्यासाठी. लग्न होऊन आले त्या वर्षी मी विचारलं होतं, "यातले आपल्या बाजूचे कुठले?" सासूबाई म्हणाल्या, "मेलेल्याला बाजू विचारू नये. वाढ."

दर अमावस्येला दगडांना तेल-शेंदूर लावायचं काम त्यांचं होतं. त्या गेल्या आणि ते माझ्याकडे आलं. बावीस वर्षं मी लावत आले. थरावर थर चढून दगडांचे लाल गोळे झाले. कोणीतरी चांदीचे डोळे आणून चिकटवले. रस्त्यानं जाणारे हात जोडू लागले, नवस बोलू लागले. खरं सांगायचं तर मलाही ते देवच वाटू लागले. भात ठेवताना माणसं आठवायची आणि शेंदूर लावताना देव, आणि दोन्ही एकच आहेत हे माझ्या डोक्यातून निघून गेलं.

मागच्या वर्षी माळाच्या मालकाच्या मुलांनी जागा एका बिल्डरला विकली. खाली दुकानं, वर लग्नाचा हॉल, असं मोठं कॉम्प्लेक्स होणार होतं. बिल्डरचा माणूस आमच्याकडे आला. बूट बाहेर काढून आत बसला, पाणी मागून प्यायला.

"काकू, देवाची काळजी सोडा. गेटजवळ मार्बलचं मंदिर देतो. लाइट, पंखा, सगळं. आता उंबराखाली कावळे देवावर घाण करतात, ते बरं दिसतं का?"

ते खोटं नव्हतं. शेंदूर लावायच्या आधी मला तेच पुसावं लागायचं. देव हलवायला पूजा करणारीची संमती लागते म्हणाला, आणि टोकन म्हणून तीस हजार काढून ठेवले. आमच्या छपराचे पत्रे सडले होते, पावसाळाभर मुलीच्या अंथरुणाशेजारी पातेलं मांडावं लागायचं. आमचे हे म्हणाले, "देवालाही छप्पर, आपल्यालाही छप्पर. कर सही."

कागद दोन पानी होता. मी वाचायला घेतला. मला बोट ठेवून, ओठ हलवत वाचावं लागतं आणि परक्या माणसासमोर त्याची लाज वाटते. तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "फॉर्मॅलिटी आहे काकू." मी सही केली. आठ दिवसांत पत्रे बसले.

आमच्या शेजारी एक भाऊ राहतात, अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले. घर बौद्ध आहे, त्यांनी त्या दगडांना कधी हात जोडले नाहीत. पण माळावर कोणी कचऱ्याची पिशवी टाकली की पहिला आवाज त्यांचाच. त्यांनी पुरातत्त्व खात्याला अर्ज केला, की ही लढाईची जागा आहे आणि हे दगड वीरगळ आहेत, म्हणजे लढून मेलेल्यांच्या नावानं कोरून उभे केलेले. मला म्हणाले, "वहिनी, आमची माणसं दर वर्षी एका खांबाला मानवंदना द्यायला जातात. तिथे देव नाही, लढलेल्यांची नावं आहेत. अशी जागा एकदा खणली की परत मिळत नाही."

मी मान हलवली. टोकनचं त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

खात्याच्या मॅडम आल्या तोवर माळाला पत्र्याचं कुंपण लागलं होतं, फक्कीच्या रेघा मारल्या होत्या आणि जेसीबी आत उभा होता. पाचही दगडांना फेरी मारून त्या म्हणाल्या, "असतील वीरगळ. पण मला दिसतोय फक्त शेंदूर. कोरीव काम दिसल्याशिवाय अहवालात काय लिहू?"

तेव्हा बिल्डरच्या माणसानं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. "सदर पाषाण हे आमचे देवस्थान असून त्यांचा कोणत्याही लढाईशी संबंध नाही. पिढ्यानपिढ्या पूजा करणारी या नात्याने हे मी समजून उमजून लिहून देत आहे." मग माझं नाव वाचलं.

ओळीतल्या सगळ्या बायका तिथे होत्या. भाऊ माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, राग असता तर बरं झालं असतं. माझ्या हातात तेलाची वाटी होती आणि ती कुठे ठेवावी हे मला कळेना.

मॅडम निघताना म्हणाल्या, "बुधवारी परत येते. तोवर काम थांबवा असं तोंडी सांगितलंय, माझ्या हातात तेवढंच आहे. शेंदूर काढायचा की नाही, हा तुमच्या श्रद्धेचा प्रश्न. काढलात तर लोखंड लावू नका, अ‍ॅसिड तर नाहीच. आणि दगड टणक आहे म्हणून शेंदूर निघेल, पण कुठे दगडाचाच पोपडा सुटताना दिसला तर हात थांबवा."

शेंदराच्या त्या जाड कवचाला आमच्याकडे खोळ म्हणतात. वर्षानुवर्षांनी ती आपोआप गळून पडते, तेव्हा देवानं खोळ टाकली म्हणायचं आणि नदीत सोडायची. माणसानं ती काढायची नसते. ओळीतली थोरली बाई तर म्हणालीच, "हिनं आधी देव विकला, आता सोलणार."

मी भाऊंच्या दारात गेले. आत जायचं धैर्य नव्हतं.

"तुम्हीच काढा ना भाऊ. तुम्ही मानत नाही, तुम्हाला पाप नाही."

ते उठून दारापर्यंत आले. मग म्हणाले, "मी हात लावला तर उद्या शहरभर काय बोंब होईल ठाऊक आहे ना? ह्या लोकांनी आमचा देव फोडला म्हणून. बिल्डर त्याचीच वाट बघतोय. चढवला तुम्ही, उतरवायचा हात पण तुमचाच पाहिजे."

घरी हे म्हणाले, "मुलीचं लग्न व्हायचंय. काही झालं तर?" मलाही तीच भीती होती.

सोमवारी दुपारी मी गेले. कढईत तेल कोमट करून नेलं, बांबूची पट्टी आणि जुन्या सुती साडीचे तुकडे. पहिल्या दगडाला तेल चोळून बसून राहिले. बायका कुंपणापाशी उभ्या होत्या, आत कोणी येईना. जेसीबीच्या सावलीत बिल्डरचा माणूस खुर्ची टाकून बसला होता.

"काकू, देवाचं कातडं काढताय. रात्री झोप लागेल ना?"

मी दगडाला म्हटलं, चुकलं असेल तर मला धर, मुलीला धरू नको. आणि पट्टी घातली.

वरचा थर मऊ होता. त्याखाली वर्ख, त्याखाली जुना काळपट शेंदूर, खडीसाखरेसारखा कडक. सासूबाईंच्या हातचा असेल. त्याहून आतला त्यांच्याही सासूचा. तास गेला तरी नुसता लाल चिखल. माझे हात कोपरापर्यंत रंगले, आणि मला वाटायला लागलं की आत काहीच नाही, साधा दगड आहे, आणि मी बुधवारी हा सोललेला दगड दाखवणार. मग एक मोठा तुकडा पट्टीबरोबर सुटून मांडीवर पडला. त्याच्या जागी एक मूठ होती. तलवार धरलेली मूठ, बोटं वेगवेगळी दिसणारी.

मी पट्टी टाकून चिंध्यांनी पुसत गेले. मुठीला हात, हाताला खांदा. दुसऱ्या हातात ढाल. खालच्या कोरीव चौकटीत तोच माणूस आडवा पडलेला, गुडघा पोटाशी घेतलेला. आमची मुलगी लहानपणी तापात तशीच झोपायची.

"घोडा आहे का गं त्याच्यापाठी?" आवाज थोरल्या बाईचा होता. ती कधी आत आली मला कळलं नाही. वाकून बघत होती. "बघ ना, खूर आहे. सरक. तुझी पट्टी उलटी धरली आहेस."

मंगळवारी संध्याकाळपर्यंत आम्ही आठ जणी होतो. पाच दगडांवर पाच जण निघाले, एक घोड्यावर, चार पायी. खोळीचे तुकडे आम्ही साडीत बांधून उल्हास नदीत सोडले. बिल्डरचा माणूस त्या मंगळवारी खुर्चीवर बसायला आला नाही.

बुधवारी मॅडमनी खूप फोटो काढले. मग मला विचारलं, "तुम्ही लिहून दिलं होतं, लढाईशी संबंध नाही म्हणून. ते खरं?"

मी म्हटलं, "नाही." पुढे सांगायचं होतं, भाताचं, सासूबाईंचं, पण नाही एवढंच निघालं.

मॅडमच्या मागोमाग आलेला बिल्डरचा माणूस म्हणाला, "मग टोकन परत करा काकू. कागदात लिहिलंय. पूर्ण रक्कम एकदम आली तर संमती रद्द. एक रुपया कमी असला तरी तुमची सही कायम." मॅडमनी अहवाल पाठवला आणि काम लेखी थांबलं, पण बिल्डरनं हरकत घेतली. त्या हरकतीला आधार एकच होता, माझा कागद. कचेरीत सुनावणीची तारीख दीड महिन्यावर होती.

पैसे तर डोक्यावर पत्रे होऊन बसले होते. हे वर बघून म्हणाले, "खोलून देऊ का त्याला?" त्या दिवसांत आम्ही एकदाच हसलो असू.

मी उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यातून माल आणते, शिवलेल्या पँटींचे लोंबणारे धागे कापायला. नगावर पैसे. शेठला जास्तीचे गठ्ठे मागितले तेव्हा त्यानं कारण विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, "लोग पैसे के लिए पत्थर बेचते हैं, तू पत्थर के लिए पैसा वापस करती है. पागल है." मग गठ्ठे बांधता बांधता थांबला. "मेरे परदादा उधर सिंध में रह गए. उनके लिए कौन चावल रखता होगा." आणि दोन गठ्ठे वाढवून दिले. महिनाभर मी, मुलगी, कधीकधी हेसुद्धा, धागे कापत बसलो. बोटांना कात्रीचे घट्टे पडले. सात हजार झाले. तीन हजार ह्यांनी दिले, कुठून ते सांगितलं नाही. वीस कमी होते आणि तारीख आठ दिवसांवर आली होती.

आमच्या ओळीत दहा जणींची भिशी आहे, महिन्याला दोन हजार. चिठ्ठी निघेल तिला वीस मिळतात. त्या महिन्यात चिठ्ठी थोरल्या बाईची निघाली. मी वाकून चहाचे कप गोळा करायला लागले. ती पैसे मोजून, पदराला पुसल्यासारखे करून, माझ्या पुढ्यात ठेवत म्हणाली, "माझा नंबर तू घे, तुझा मी घेईन."

"तुम्हाला गुडघ्याचं करायचं होतं ना?"

"गुडघा कुठे पळून जातोय. पण ऐक, मॅडम म्हणतात आता शेंदूर नाही, तेल नाही, नुसता भात. तर सर्वपित्रीला पहिला भात माझ्या घरचा. देव विकलास म्हणाले होते, ते मी परत घेत नाही हां."

सुनावणीला माझा कागद बिल्डरच्या कामी आला नाही, हरकत फेटाळली गेली, आणि आज माळावर खात्याचा निळा बोर्ड आहे. पण आदल्या दिवसाचं लिहायचं राहिलं.

आदल्या दिवशी मी एकटी त्याच्या ऑफिसात गेले. हे येतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं. काचेच्या टेबलावर तीस हजार ठेवले. त्याला ते अपेक्षित नव्हतं.

"काकू, खरंच आणलेत? कशाला उगाच. मंदिर मिळालं असतं."

त्यानं दोनदा मोजले. एक नोट फाटकी निघाली, ती बाजूला सरकवून माझ्याकडे बघत राहिला. मी बसभाड्याच्या बटव्यातून त्या जागी दुसरी काढून दिली. मग त्यानं संमती रद्द केल्याचा कागद पुढे केला आणि पेन उघडून धरलं. तोही दोन पानी होता.

मी पेन घेतलं नाही. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले, ओठ हलवत, एकेक शब्द. तो घड्याळाकडे बघत होता. त्याचा फोन वाजून बंद झाला. दुसऱ्या पानावर शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, रक्कम रुपये तीस हजार पूर्ण मिळाली, बाकी काही नाही. ती ओळ मी दोनदा वाचली, आणि मग सही केली.